कॅडेव्हर किडनीची यादी: वाटप चोख, आवक तोकडी

किडनी निकामी झाली आणि घरात जुळणारा दाता नाही, की डॉक्टर सांगतात, 'कॅडेव्हरला नाव लावून ठेवा.' कॅडेव्हर म्हणजे मृत दात्याची किडनी. हे नाव ज्या यादीत लागतं ती महाराष्ट्रात झेडटीसीसी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र, सांभाळतं. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार केंद्रं आहेत. त्यांच्यावर मुंबईत केईएम रुग्णालयातलं रोट्टो-सोट्टो, म्हणजे प्रादेशिक आणि राज्य पातळीवरची अवयव प्रत्यारोपण संस्था, जिच्या कक्षेत गोवाही येतो, आणि सगळ्यांच्या वर दिल्लीत सफदरजंग रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय संस्था, नोट्टो. या सेवेबद्दलचं आमचं मत आधीच सांगून टाकतो. हातात आलेल्या किडनीचं वाटप ही यंत्रणा चोख करते. किडनी हातात यावी यासाठी लागणारी माणसं, पैसा आणि अधिकार मात्र तिला दिलेलेच नाहीत. टंचाईवरची जी धोरणं आपल्याकडे गाजतात, ती बहुतेक चुकीच्या टोकाला जोर लावतात.

राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमाच्या कागदांत दरवर्षी देशात सुमारे १.८ लाख लोकांच्या किडन्या निकामी होतात असा अंदाज आहे. २०२३ मध्ये देशभरात किडनी प्रत्यारोपणं झाली १३,४२६. त्या वर्षी मृत्यूनंतर अवयव दिलेले दाते होते १,०९९. प्रत्येकाच्या दोन्ही किडन्या वापरल्या गेल्या असं धरलं तरी आकडा २,१९८ च्या वर जात नाही. बाकी सगळ्या किडन्या जिवंत माणसांनी दिल्या, आणि त्यांत आया, बायका, बहिणी जास्त.

नाव लावताना

झेडटीसीसीत थेट जाऊन नाव लागत नाही. प्रत्यारोपणाची परवानगी असलेल्या रुग्णालयामार्फतच नोंदणी होते, आणि म्हणून रुग्णालय कोणतं निवडलं याला फार वजन आहे. अट साधी आहे: किडनी कायमची निकामी झालेली हवी आणि तीन महिन्यांहून जास्त काळ नियमित डायलिसिस चालू हवं. रक्तगट, एचएलए टायपिंग (दाता आणि रुग्ण यांच्या पेशी किती जुळतात ते बघणारी रक्तचाचणी), एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, छातीचा एक्सरे, पोटाची सोनोग्राफी एवढं लागतंच. दातांची तपासणी अनेक जण टाळतात आणि नेमकं तिथेच अडकतं. दाढेतला जुना पू प्रत्यारोपणानंतरच्या औषधांखाली अंगभर पसरू शकतो, त्यामुळे दंतवैद्याचा दाखला नसेल तर फाइल पुढे सरकत नाही.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने तीन चांगल्या गोष्टी केल्या. रहिवासाची अट काढली, ६५ वर्षांवरच्यांना नाव लावायची बंदी उठवली आणि नोंदणीसाठी पैसे घेऊ नका असं राज्यांना कळवलं. आता सोलापूरचा रुग्ण हैदराबादला नाव लावू शकतो. मात्र एका माणसाला नोट्टोचा एकच क्रमांक मिळतो, चार ठिकाणी पाय ठेवता येत नाही.

रुग्णालय निवडताना इमारत आणि लॉबी बघू नका, हे विचारा: गेल्या वर्षी कॅडेव्हर ट्रान्सप्लांट किती झाले? तुमच्या स्वतःच्या आयसीयूतून किती दाते आले? महात्मा फुले योजना इथे चालते का, आणि रात्री दोन वाजता फोन आला तर किती रक्कम भरावी लागेल? यातला दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि तोच सगळ्यात कामाचा आहे. राज्यातल्या पद्धतीप्रमाणे दाता ज्या प्रत्यारोपण केंद्रात मिळाला, त्या केंद्राकडे एक किडनी राहते आणि ती तिथल्याच यादीतल्या रुग्णाला मिळते. दुसरी विभागाच्या सामायिक यादीत जाते. म्हणजे ज्या रुग्णालयात दाते जास्त, तिथल्या रुग्णाला दोन दारं. जिथे दाते शून्य, तिथल्या रुग्णाला एकच.

या नियमावर वर्षानुवर्षं वाद आहे. रुग्णालयाला ब्रेन डेथ, म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या मेंदूचा मृत्यू, जाहीर करायला काहीतरी कारण हवं, आणि 'एक किडनी तुमची' हे कारण चालतं. तेवढ्यापुरता नियम उपयोगाचा आहे. पण त्याचा फायदा मोठ्या खासगी रुग्णालयांतल्या रुग्णांना जास्त होतो, आणि सरकारी रुग्णालयातल्या यादीवरचा माणूस जास्त थांबतो. हा नियम ठेवायचा असेल तर सरकारी रुग्णालयांना दाते मिळतील एवढे समन्वयक, म्हणजे दात्याच्या कुटुंबाशी बोलून दान जुळवून आणणारी माणसं, तिथे नेमणं, ही राज्याची जबाबदारी ठरते. सध्या ती पार पडताना दिसत नाही.

गुण कसे मोजतात

नोट्टोच्या धोरणात किडनीसाठी गुणपद्धत आहे, राज्यं तिच्यात थोडाफार फरक करतात. डायलिसिसच्या प्रत्येक महिन्याला एक गुण. सहा वर्षांखालच्या मुलाला ३, सहा ते बारापर्यंत २, बारा ते अठरापर्यंत १. हातातल्या फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी जोडलेल्या रक्तवाहिनीच्या, सगळ्या जागा बाद झाल्या असतील तर २, त्यानंतर घातलेली कृत्रिम नळीही बंद पडली असेल तर ४. पीआरए, म्हणजे दुसऱ्याच्या अवयवाविरुद्ध रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडीचं प्रमाण, २० टक्क्यांच्या वर गेलं की दर १० टक्क्यांना अर्धा. ज्याने पूर्वी स्वतःची किडनी कुणाला दिली आणि आता त्यालाच गरज पडली, त्याला ५. ज्याच्या जवळच्या नातेवाइकाचे अवयव मृत्यूनंतर दान झाले, त्यालाही ५.

पद्धत उघड आहे, मोजता येते, वशिल्याला जागा कमी ठेवते. ही मोठी जमेची बाजू. पण गणित करून बघितलं की तिचा कल लक्षात येतो. तीन वर्षं डायलिसिसवर असलेल्याचे ३६ गुण होतात. त्यापुढे पाच वर्षांच्या मुलाचे ३ गुण म्हणजे फक्त तीन महिने. पीआरए ८० टक्के असलेल्या बाईला, जिला बाळंतपणं आणि रक्त चढवण्यामुळे जवळपास कुणाचीच किडनी जुळत नाही, तिलाही ३. तिच्याशी जुळणारी किडनी कधीतरी एकदा येते, आणि ती आली तर तिलाच मिळाली पाहिजे, कारण पुढची कदाचित येणारच नाही. लहान मुलांची वाढ डायलिसिसवर खुंटते, तीही नंतर भरून निघत नाही. या दोन्ही गटांचं वजन वाढवायला हवं. ज्याने आपली किडनी दुसऱ्याला दिली त्यालाही पाच महिन्यांची सवलत ही फारच कंजूष परतफेड आहे. अशा माणसाचं नाव सरळ वर यायला हवं.

ऑगस्ट २०२५ मध्ये नोट्टोने राज्यांना कळवलं की यादीतल्या महिलांना आणि मृत दात्यांच्या जवळच्या नातेवाइकांना प्राधान्य द्या. देणाऱ्यांत बायका जास्त आणि मिळणाऱ्यांत पुरुष जास्त, हे चित्र इतकं जुनं आहे की ही सूचना फार उशिरा आली. प्राधान्य म्हणजे नेमके किती गुण, हे प्रत्येक राज्याने छापून जाहीर केलं तरच तिला अर्थ राहील.

फोन आल्यावर

एका किडनीसाठी एकाच रुग्णाला बोलावत नाहीत. रक्तगट आणि गुणांप्रमाणे वरचे काही जण बोलावतात, दात्याचं आणि त्यांचं रक्त क्रॉसमॅचला, म्हणजे एकमेकांशी जुळतं का ते बघायला, जातं, आणि ज्याचं निगेटिव्ह येईल त्यांत वरचा नंबर घेतात. पॉझिटिव्ह आलं, की त्याच्या रक्तातल्या अँटिबॉडी नव्या किडनीवर लगेच हल्ला करतील असा अर्थ, आणि त्याला घरी जावं लागतं. स्टँडबाय म्हणून जाऊन परत येणं ही या सेवेतली नेहमीची गोष्ट आहे. कुटुंबाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच वेळी मन मोडतं.

काढलेली किडनी थंड द्रावणात, बर्फाच्या पेटीत, ४ अंशांच्या आसपास ठेवतात. २४ तासांच्या आत बसवलेली बरी. जितका उशीर, तितकी ती चालू व्हायला वेळ घेते. म्हणून फोन उचलला नाही तर कुणी थांबत नाही. हातची संधी ज्या कारणांनी जाते ती बहुतेक किरकोळ असतात: मोबाइल नंबर बदललाय आणि रुग्णालयात कळवलेलं नाही, इको जुना झालाय, डायलिसिसच्या कॅथेटरच्या तोंडाशी पू आहे, गेल्या आठवड्यात ताप आला होता आणि तो लपवला. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते रक्त चढवल्यावर. हिमोग्लोबिन कमी म्हणून डायलिसिस सेंटरने रक्ताची पिशवी लावली, की पीआरए बदलू शकतो. जिथे नाव लावलंय त्या रुग्णालयाच्या समन्वयकाला (कोऑर्डिनेटरला) त्याच दिवशी कळवा आणि दोन-तीन आठवड्यांनी नव्याने नमुना द्या. शक्यतो रक्तापेक्षा लोह आणि एरिथ्रोपोएटिन (रक्तपेशी वाढवणारं औषध) यांच्या इंजेक्शनांनी हिमोग्लोबिन सांभाळा, हे डॉक्टरांशी आग्रहाने बोला.

फाइलमध्ये तीन फोन नंबर असू द्या: स्वतःचा, घरातल्या कमावत्या माणसाचा आणि शेजाऱ्याचा. यादीत आपलं नाव 'सक्रिय' आहे का, हे दर तीन महिन्यांनी विचारा. आजारपणात ते तात्पुरतं बाजूला ठेवतात, आणि बरं वाटल्यावर परत चालू करायचं राहून गेलं तर तुम्ही नुसतेच थांबून राहता. फोन आला, की पाणी आणि अन्न बंद, औषधांची यादी सोबत, आणि शेवटचं डायलिसिस कधी झालं ते सांगायचं. पोटॅशियम वाढलेलं असेल तर टेबलावर घेण्याआधी पुन्हा डायलिसिस लागतं. आणखी एक: कॅडेव्हर किडनी पहिल्या दिवसापासून लघवी करेलच असं नाही. काही दिवस, कधी दोन आठवडे डायलिसिस चालू राहू शकतं. किडनी वाया गेली असं समजून घाबरू नका.

आवक का तोकडी

आता जिथे ही सेवा खरी कमी पडते तिकडे वळू. महाराष्ट्रात २०२४ मध्ये मृत दाते मिळाले १७२. तमिळनाडूत २६८, तेलंगणात १८८. तेलंगणाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत आहे. रस्त्यावरचे अपघात आणि मेंदूतले रक्तस्राव आपल्याकडे कमी होत नाहीत, आणि आपली माणसंही त्यांच्यापेक्षा कठोर नाहीत. फरक पडतो तो आयसीयूत.

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, आणि तो सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. २०११ ची दुरुस्ती आणि २०१४ चे नियम त्याला जोडले गेले. आयसीयू आणि शस्त्रक्रियागृह असलेल्या, पण प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयालाही फक्त अवयव काढण्यासाठी नोंदणी करता येते. ब्रेन डेथ ओळखून कळवायला हवी, असा राज्याचा आदेश २०१२ पासून आहे. कागद पुरेसे आहेत. आयसीयूत मात्र पुढचं सगळं कुणीतरी करावं लागतं.

मेंदूच्या खोडाचा मृत्यू चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं: रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर, एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा न्यूरोसर्जन, आणि उपचार करणारा डॉक्टर. प्रत्यारोपणाच्या चमूतला कुणीही त्यात चालत नाही. न्यूरोचा माणूस मिळत नसेल तर फिजिशियन, सर्जन, भूलतज्ज्ञ किंवा इंटेन्सिव्हिस्टही चालतो, ही २०११ नंतरची सोय लहान शहरांत अजून वापरलीच जात नाही. आधी अंगाचं तापमान, साखर, सोडियम ताळ्यावर आणायचं आणि झोपेचं किंवा स्नायू शिथिल करणारं औषध अंगात उरलेलं नाही याची खात्री करायची. मग बाहुल्यांवर उजेड, बुबुळाला कापसाचा स्पर्श, डोकं वळवून डोळ्यांची हालचाल, कानात बर्फाचं पाणी, घशात नळी घालून खोकला. कशालाच प्रतिसाद नसेल तर शेवटी ॲप्निया टेस्ट, म्हणजे माणूस स्वतःहून श्वास घेतो का याची चाचणी. दहा मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देऊन व्हेंटिलेटर सोडवायचा, श्वासनलिकेत बारीक नळीने ऑक्सिजन चालू ठेवायचा आणि छाती-पोट उघडं ठेवून आठ ते दहा मिनिटं फक्त बघत राहायचं. रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० च्या वर गेला आणि तरी एकही श्वास आला नाही, तर टेस्ट पॉझिटिव्ह. हे सगळं किमान सहा तासांनी पुन्हा. दुसऱ्या चाचणीनंतर नमुना १० वर चौघांच्या सह्या होतात.

या सहा तासांत आणि पुढच्या बारा तासांत शरीर सांभाळणं हेच अवघड. मेंदू गेला की लघवी अनिर्बंध सुटते, सोडियम चढतं, रक्तदाब कोसळतो, अंग गार पडतं. आयसीयूत '१०० चा नियम' सांगतात: वरचा रक्तदाब १००, तासाला लघवी १०० मिलिलिटर, रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब १००, हिमोग्लोबिन लिटरमागे १०० ग्रॅम. त्यासाठी व्हासोप्रेसिन आणि नॉरॲड्रिनलिन ही औषधं, गरम हवेची चादर आणि दर तासाला नोंद करणारी एक नर्स लागते. लघवीइतकं पाणी परत भरलं नाही तर काही तासांत किडन्या बिघडतात. कुटुंबाचा होकार मिळूनही दान फसतं ते बहुतेक इथेच.

मग कुटुंबाशी बोलणं. कुणाच्या तोंडून काय निघतं यावर सगळं ठरतं. 'मेंदू मेलाय, पण हृदय चालू आहे' असं डॉक्टर म्हणाले की घरच्यांना आशा दिसते, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. 'व्हेंटिलेटर काढला तर ते जातील' हेही तितकंच घातक वाक्य, कारण त्यातून माणूस अजून आहे असंच कळतं. सांगायचं ते असं: 'त्यांचा मृत्यू झालाय. मशीन हवा ढकलतंय म्हणून छाती हलतेय.' एवढं सांगून थांबायचं. रडू द्यायचं, गावाकडच्या मामा-काकांना येऊ द्यायचं, ॲप्निया टेस्ट बघायची असेल तर आत घ्यायचं. घरच्यांनीच 'आता पुढे काय' असं विचारलं, की मग समन्वयकाने, उपचार करणाऱ्या डॉक्टरने नव्हे, दानाचा विषय काढायचा, आणि तोही बंद खोलीत बसून. पॅसेजमध्ये उभ्याने नाही. या कामासाठी शिकलेला, चोवीस तास हजर, कायम पगारी माणूस लागतो. कायद्याने समन्वयक सक्तीचा आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तो कंत्राटी असतो आणि त्याच्याकडे आणखी दोन खात्यांचं काम असतं.

अपघाताची केस असेल तर पोलीस. पंचनामा आयसीयूतच अवयव काढण्याआधी व्हायला हवा, तपास अधिकाऱ्याची एनओसी हवी, आणि न्यायवैद्यक डॉक्टरला आधी सांगितलं तर पोस्टमॉर्टेम त्याच जागी उरकता येतं. सूर्यास्तानंतर पोस्टमॉर्टेम करायला केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि अवयवदानाच्या केसेस आधी घ्या असंही सांगितलं. हे माहीत नसलेला ड्युटीवरचा कर्मचारी 'सकाळी बघू' म्हणतो, आणि रात्रीत घरचे होकार मागे घेतात. घरच्यांनी एक गोष्ट लेखी मागावी: होकाराच्या सहीनंतरचं एकही बिल आमच्या नावावर नको. २०१४ च्या नियमांप्रमाणे दात्याला सांभाळण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी कायद्यातलं एक भोक आहे. अवयव कायद्यात ब्रेन डेथ म्हणजे मृत्यू. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मात्र ब्रेन डेथचा उल्लेख नाही. त्यामुळे कुटुंबाने दानाला नकार दिला तर डॉक्टर व्हेंटिलेटर काढायला कचरतात. मग आयसीयूचा विचार सरळ होतो: चाचण्या करून नसती आफत कशाला? केरळने २०२० मध्ये ब्रेन डेथचं प्रमाणपत्र आणि अवयवदान यांची गाठ सोडवणाऱ्या सूचना काढल्या. महाराष्ट्राने तसं स्पष्ट करावं. दान होवो न होवो, मृत्यू झाला असेल तर तो सांगणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि बिल वाढत असलेल्या कुटुंबाचा तो हक्कही आहे.

प्रतिज्ञा, आणि दुसऱ्या देशांचे मार्ग

सरकारचा सगळा उत्साह अवयवदानाच्या प्रतिज्ञेवर खर्च होतो. नोट्टोचं आधारशी जोडलेलं संकेतस्थळ २०२३ पासून चालू आहे आणि वापरायला चांगलं आहे. आधार क्रमांक, मोबाइलवर ओटीपी, कोणते अवयव आणि ऊती द्यायच्या त्यावर खुणा, आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. पाच-दहा मिनिटांचं काम. कागदावर भरायचं असेल तर नमुना ७, दोन साक्षीदार, त्यातला एक जवळचा नातेवाईक. शंका असेल तर १८००-११-४७७० हा नोट्टोचा निःशुल्क क्रमांक. एवढं करूनही शेवटी विचारतात ते घरच्यांनाच, आणि त्यांनी नाही म्हटलं तर कुणी अवयव काढत नाही. म्हणून प्रतिज्ञेचा खरा उपयोग एवढाच, की ती भरताना घरात त्यावर बोलणं होतं. लाखो प्रतिज्ञांचे आकडे जाहीर करून किडन्या वाढत नाहीत, कारण प्रतिज्ञा घेणारा आयसीयूत मेंदूमृत होण्याची शक्यता फारच थोडी.

'स्पेनसारखा कायदा करा, नकार नोंदवला नसेल तर होकार समजा' अशी मागणी दर ऑगस्टमध्ये, अवयवदान दिनाच्या सुमारास, वाचायला मिळते. स्पेनमध्ये तसा कायदा १९७९ पासून आहे हे खरं. पण दाते वाढायला लागले ते १९८९ मध्ये राष्ट्रीय संस्था उभी राहिल्यावर. त्यांनी रुग्णालयारुग्णालयांत समन्वयक नेमले, बहुतेक आयसीयूतलेच डॉक्टर, आणि आयसीयूतला प्रत्येक मृत्यू तपासून 'इथे दाता सुटला का' हे विचारायला सुरुवात केली. कुटुंबाला तिथेही नेहमी विचारतात. २०२४ मध्ये तिथे दहा लाख लोकसंख्येमागे ५२.६ दाते होते. आपल्याकडे हा आकडा एकच्याही आत आहे. तेव्हा उचलायचीच असेल तर समन्वयकांची आणि तपासणीची पद्धत उचलावी. गृहीत होकार आपल्याकडे आणला तर रुग्णालयांवरचा आधीच पातळ असलेला विश्वास तुटेल, आणि आहेत तेवढे दातेही जातील.

इस्रायलचा मार्ग वेगळा. २००८ च्या कायद्याने तिथे दाता म्हणून नोंदवलेल्यांना यादीत प्राधान्य मिळतं. आपल्याकडे दात्याच्या नातेवाइकाला मिळणारे ५ गुण त्याच जातीचे.

विक्रीला परवानगी द्या म्हणणारे इराणकडे बोट दाखवतात. १९८८ पासून तिथे जिवंत दात्याला मोबदला मिळतो. यावर आपल्याच देशातला पुरावा पुरेसा आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांना विचारलं होतं. ९६ टक्क्यांनी कर्ज फेडायला विकली होती. विकल्यानंतर घराचं उत्पन्न सरासरी एक तृतीयांशाने घटलं, चारांतले तिघे अजून कर्जातच होते, आणि ७९ टक्के म्हणाले की दुसऱ्या कुणाला असा सल्ला देणार नाही. पोटावर टाका घेऊन पुन्हा मजुरीला जाणाऱ्या माणसाच्या अंगावर आपली टंचाई भागवणं आम्हाला मान्य नाही.

यादीवर थांबताना: स्वॅप

नाव लावलं म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. घरात दाता तयार आहे पण रक्तगट जुळत नाही, अशांसाठी २०११ च्या दुरुस्तीने स्वॅप, म्हणजे दोन घरांतली अदलाबदल, कायदेशीर केला. ए गटाच्या नवऱ्याला बी गटाची बायको देऊ शकत नाही; दुसऱ्या घरात नेमकं उलटं असेल तर किडन्यांची अदलाबदल होते. दोन्ही दाते आपापल्या रुग्णाचे जवळचे नातेवाईक हवेत: नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं. मंजुरी प्राधिकार समितीची, म्हणजे जिवंत दात्याचं प्रकरण तपासणाऱ्या समितीची. चारही शस्त्रक्रिया एकाच दिवशी ठेवतात, म्हणजे एकाची झाल्यावर दुसऱ्याने माघार घेण्याचा प्रश्न उरत नाही. अहमदाबादच्या किडनी संस्थेने हे काम मोठ्या प्रमाणावर करून दाखवलंय. आपल्याकडे जोड्या रुग्णालयारुग्णालयांत सुट्या पडून आहेत. चारही विभागांच्या जोड्यांची एकच यादी केली तर नवा कायदा, नवी इमारत काहीच न लागता किडन्या वाढतील. ओ गटाच्या रुग्णाला मात्र स्वॅपमध्येही जोडी अवघड मिळते, कारण त्याला ओचीच किडनी लागते आणि ओ गटाचा दाता बहुतेक घरात जुळूनच जातो.

कागदपत्रांना इथे कंटाळा करू नका. २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये पुण्यात उघडकीला आलेल्या प्रकरणांत दाता म्हणून उभी केलेली बाई रुग्णाची खोटी पत्नी होती, पुण्यात तर स्वॅपमध्येच. रक्ताचं नातं डीएनए चाचणीत सिद्ध होतं, नवरा-बायकोचं होत नाही. म्हणून समिती लग्नाचा दाखला, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, जुने फोटो मागते, दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारते आणि त्याचं चित्रीकरण करते. गावाकडच्या लग्नाची नोंद नसेल तर ती करून घ्यायला वेळ लागतो, तेव्हा दाता ठरला त्याच आठवड्यात सुरुवात करा. केंद्र सरकारी नोकरीत असलेल्या दात्याला ४२ दिवसांची विशेष रजा मिळते. खासगी नोकरीतल्याला आणि रोजंदारीवरच्याला काहीच मिळत नाही. दात्याची बुडालेली मजुरी भरून देणं म्हणजे किडनी विकत घेणं नव्हे. राज्याने ती सरळ द्यावी.

पैशांचं शेवटी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली. ती फक्त योजनेतल्या रुग्णालयात चालते, म्हणून नाव लावण्याआधीच हे विचारायचं. प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनची औषधं, किडनी चालू आहे तोवर रोज, ठरल्या वेळी. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला केंद्राच्या कार्यक्रमातून या औषधांसाठी महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. त्याचा अर्ज शस्त्रक्रियेनंतर घरी सोडण्याआधीच रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाकडून भरून घ्या, कारण औषधांत खंड पडला तर मिळालेली किडनी टिकत नाही.